तिची कॉफी, तुझं जागरण

प्रिय 'टक्क जागी',

तुझं पत्र लांबलचक आहे, म्हणून वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तू आणि तुझी कॉलेजपासूनची मैत्रीण जवळच्या कॉफी शॉपमध्ये भेटता. तू टेबल पकडतेस, ती काउंटरवर जाते, तिथूनच "तुझं नेहमीचं ना?" असं विचारते आणि दोन मोठ्या स्ट्राँग कॉफ्या घेऊन येते. पैसेही तीच देते. त्या रात्री तू दोन-दोन वाजेपर्यंत कूस बदलत पडतेस. तिला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस, आणि आता तापाचं, पाहुण्यांचं निमित्त सांगून भेटच टाळायला लागली आहेस. "मावशी, मी उगाच बाऊ करतेय का?" असं विचारलंयस.

झोपेचा बाऊ नाही. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याचा परिणाम म्हणून झोप येते. कॉफीतलं कॅफीन नेमका तोच परिणाम अडवतं. घेतलेल्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातच्या कॉफीतलं निम्मं बाराला अजून अंगात असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. एका कपात सहसा एवढं नसतं हे खरं, पण प्रत्येकाचं शरीर वेगळं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन बाहेर पडायला बराच जास्त वेळ लागतो. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर जातं. त्यामुळे तोच कप पिऊन मैत्रीण ढाराढूर झोपत असेल, तर तू नाजूक ठरत नाहीस.

आता मैत्रिणीचं. पत्रात तू तिला "गृहीत धरणारी" म्हटलंयस. मला ते पटलं नाही, बाई. ती दर वेळी विचारते आणि तू दर वेळी मान डोलावतेस. तुला काय आवडतं हे तिनं लक्षात ठेवलंय, फक्त तिच्याकडची माहिती जुनी आहे, आणि नवी तू दिलेलीच नाहीस. तिला पत्ताच नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून तू शुक्रवार रद्द करतेयस. तिकडे ती बिचारी विचार करत असेल, आपलं काय चुकलं? खोट्या तापानं मैत्रीण जास्त दुखावते, कपाला नाही म्हटल्यानं नव्हे.

काउंटरवर मात्र हा विषय काढू नकोस. मागे रांग, समोर ऑर्डर घेणारा मुलगा ताटकळलेला, ग्राइंडरची घरघर. अशा वेळी माणूस "असू दे, नेहमीचंच" म्हणून मोकळा होतो. आदल्या दिवशी फोन कर. मेसेज नको, मेसेजमध्ये तू तीन परिच्छेद लिहिशील आणि तिला वाटेल काहीतरी भयंकर घडलंय. एवढंच म्हण: "अगं, संध्याकाळी कॉफी घेतली की मला रात्री झोप लागत नाही. उद्या मी दुसरं काहीतरी घेईन. भेटायचं मात्र पक्कं."

आणि शुक्रवारी टेबल तिला पकडू दे. काउंटरवर तू जा, पैसे तू दे. माझा संशय असा की तुझी जीभ अडते ती निम्मी तिथंच: पैसे तिचे, मग निवड आपण कशी करायची? डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, घेतलीस तरी चालेल. त्यात थोडं कॅफीन उरतं, पण साध्या कॉफीच्या मानानं फारच कमी. तेवढंही नको असेल तर हर्बल टी आहे. ती कॉफीच घेणार असेल तर खुशाल घेऊ दे. दोघींनी एकच प्यायचं असा नियम कुणी केला?

"किती बदललीस गं!" असं ती म्हणेल कदाचित. म्हणू दे. त्यावर "हो, दर शनिवारी ऑफिसात जांभया देते" असं सांग आणि विषय तिच्या नव्या नोकरीकडे वळव. तापाच्या थापांचं काय, असंही विचारलंयस. ते तिनं विचारलं तर खरं सांगून टाक, नाही विचारलं तर उकरू नकोस.

— मावशी