दोन एकर क्षारपडात शेवाळापासून डिझेल परवडेल का?

तुम्ही विचारलंय, वाळवा तालुक्यात दोन एकर क्षारपड पडून आहे, तिथं टाक्या बांधून शेवाळ वाढवलं आणि त्याचं डिझेल विकलं तर जमेल का.

डिझेल निघतं, पण परवडत नाही. मी पलूस तालुक्यात स्पिरुलिना, म्हणजे खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ, काढतो, म्हणून हिशोबच मांडतो. उघड्या टाकीत लिटरभर पाण्यामागे वाळलेलं शेवाळ साधारण अर्धा ग्रॅम मिळतं. त्यात वीस टक्के तेल धरलं, तरी लिटरभर तेलासाठी नऊ-दहा हजार लिटर पाणी गाळायचं. म्हणजे अख्खा टँकर! पुढं वाळवणं आणि तेल काढणं आलंच. तेल वाढवायला नत्र तोडावं लागतं, आणि नत्र तोडलं की वाढ खुंटते. ऊस शेवटी नत्रावाचून ठेवला की साखर भरते पण वाढ थांबते, तसंच हे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ यावर काम केलं, तीन हजारांवर वाण गोळा केले, तरी खनिज डिझेलच्या भावाशी मेळ बसला नाही.

त्यापेक्षा डिझेल सोडून स्पिरुलिनाच घ्या. तिच्यात तेल फारसं नाही, पण प्रथिनं साठ टक्क्यांच्या पुढं. खाण्याच्या सोड्याच्या, सामू (pH) नऊ-दहाच्या पाण्यात ती वाढते आणि तिथं दुसरं शेवाळ सहसा टिकत नाही. तिचे धागे लांब, त्यामुळे बारीक कापडातून गाळता येते. क्लोरेला हे दुसरं शेवाळ इतकं बारीक की ते वेगळं करायला सेंट्रीफ्यूज, म्हणजे जोरात फिरवणारं महागडं यंत्र, लागतं. पीक टाकीत असल्यानं जमीन क्षारपड असली तरी बिघडत नाही, मात्र बोअरचं पाणी आधी तपासा. कॅल्शियम जास्त असेल तर सोडा टाकताच पांढरा साका बसतो.

पहिल्या पावसाळ्यात मी टाकीवर प्लॅस्टिकचा कागद टाकला नव्हता. पावसानं पाणी पातळ झालं, सामू उतरला, बाहेरचं शेवाळ शिरलं आणि सगळी टाकी ओतून द्यावी लागली. ते दिवस अजून आठवतात. त्यामुळे एकाच लहान टाकीनं सुरुवात करा, आणि माल घेणारा ठरल्याशिवाय दुसरी बांधू नका. माणसांच्या खाण्यासाठी विकणार असाल तर अन्न परवाना लागतो.

इंधनाचाच ध्यास असेल तर साखर कारखान्यांकडं बघा. त्यांच्या डिस्टिलरीत लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोही बराच शुद्ध. शेवाळ त्यावरच वाढतं, किलोभर शेवाळाला तो सुमारे १.८ किलो लागतो. आपल्या जिल्ह्यात एखाद्या कारखान्यानं हे करून बघावं, असं मला फार वाटतं.

पाण्याचा रिपोर्ट आला की इथंच टाका, बघून सांगतो.