वाचकांचे प्रश्न : धूर दिसेनासा झाला, मग विषारी द्रव्ये गेली कुठे?

कोळशावरील वीजनिर्मिती आणि पर्यावरण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत.

प्रश्न : औष्णिक वीज केंद्रांच्या धुराड्यांतून पूर्वी काळा धूर निघत असे. आता जवळजवळ काहीच दिसत नाही. याचा अर्थ प्रदूषण संपले, असा घ्यावा का?

उत्तर : हवेपुरते पाहिले तर सुधारणा खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. विद्युतभाराच्या साहाय्याने धूळ खेचून घेणारी आधुनिक संयंत्रे धुरातील राखेचा वजनाने 99 टक्क्यांहून अधिक भाग अडवतात. मात्र अडवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. कोळशातला कार्बन जळून वायुरूपाने निघून जातो. आर्सेनिक, सेलेनियम, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्यामुळे कितीही तापवली तरी ती संपत नाहीत. कोळशाचे वजन घटते आणि ही द्रव्ये बव्हंशी राखेत उरतात, त्यामुळे राखेतील त्यांचे प्रमाण मूळ कोळशातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले असते. त्यातच आर्सेनिक आणि सेलेनियम यांच्यासारखी द्रव्ये भट्टीच्या उष्णतेने वायुरूप होतात आणि धूर थंड होताना राखेच्या बारीक कणांवर जाऊन बसतात, म्हणजे जे कण पकडायला अवघड तेच वजनाच्या मानाने अधिक विषारी ठरतात.

पकडलेली राख अनेक ठिकाणी पाण्यात कालवून नळांवाटे राख-तलावात सोडली जाते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथील वीज केंद्राच्या अशा साठ्याचा बांध 22 डिसेंबर 2008 रोजी फुटला आणि 40 लाख घनमीटरांहून अधिक चिखल एमोरी नदीत व आजूबाजूच्या जमिनीवर पसरला. अशा दुर्घटनेची जगभर बातमी होते, परंतु मला अधिक चिंता वाटते ती कधीच न फुटणाऱ्या, शांतपणे झिरपणाऱ्या तलावांची.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेलूज जलाशयाचा इतिहास या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून या जलाशयात राख-तलावातले वरचे निवळलेले पाणी सोडले जात होते. त्यामुळे जलाशयातील सेलेनियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे 10 मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. डोळ्यांना किंवा चवीला याचा पत्ता लागणे शक्य नव्हते. तरीही काही वर्षांतच तिथल्या माशांच्या 20 पैकी 19 जाती नाहीशा झाल्या. सेलेनियमचे गुणधर्म गंधकाशी इतके मिळतेजुळते आहेत की प्रथिनांत ते गंधकाची जागा घेते, मादीच्या शरीरातून अंड्याच्या बलकात उतरते आणि पिल्लू तो बलक शोषून वाढू लागले की त्याचा कणा वाकडा होतो, कल्ले आणि पर सदोष बनतात. आईबाप वरकरणी धडधाकट आणि पुढची पिढी मात्र जगत नाही, अशी ही हानी असल्यामुळे केवळ मेलेले मासे मोजणाऱ्याला ती वेळेवर दिसत नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यावर हे पाणी सोडणे थांबले, तरी तळाच्या गाळात साठलेले सेलेनियम पुढे अनेक वर्षे कीटक आणि माशांच्या शरीरात उतरत राहिले. म्हणून एखाद्या केंद्राचे परीक्षण करताना धुराड्याच्या आकड्यांवर समाधान न मानता राख कोठे ठेवली, तिच्याखाली अभेद्य अस्तर आहे का आणि निवळलेले पाणी कोणत्या प्रवाहात जाते, हे विचारलेच पाहिजे.

प्रश्न : आमची विहीर राख-तलावापासून जवळ आहे. पाणी स्वच्छ दिसते आणि आम्ही ते उकळून पितो. एवढी काळजी पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावे आणि तपासणीत आर्सेनिकबरोबर बोरॉन व सल्फेट यांचा समावेश करण्याचा आग्रह धरावा. राखेतून निघालेली ही दोन द्रव्ये मातीत फारशी अडकत नाहीत, भूजलाबरोबर पुढे सरकतात आणि त्यामुळे राखेचे पाणी विहिरीपर्यंत पोहोचत असल्याची पहिली खूण बहुधा तीच देतात. भूजलाच्या प्रवाहात तलावाच्या वरच्या बाजूला असलेल्या एखाद्या विहिरीचा नमुनाही सोबत द्यावा, अन्यथा आढळलेले प्रमाण तिथल्या खडकातले की राखेतले, हा वाद मिटत नाही. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरावे. आर्सेनिक त्वचेतून फारच कमी शोषले जाते, त्यामुळे अंघोळीबद्दल तितकी भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा अधिक किरणोत्सारी असते, हे खरे आहे का?

उत्तर : हे विधान अर्धवट उद्धृत केले जाते. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी शोधनिबंधात सुरळीत चालणाऱ्या दोन्ही प्रकारच्या केंद्रांतून हवेत सुटणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांची तुलना होती. अणुभट्टीतून काढलेल्या वापरलेल्या इंधनाशी राखेची तुलना त्यात नव्हती. त्या इंधनाची किरणोत्सारिता राखेपेक्षा अतिप्रचंड असते. राखेत युरेनियम आणि थोरियम असतात, पण त्यांचे प्रमाण काही नैसर्गिक खडकांच्या जवळपास जाणारे आहे. राखेतील आर्सेनिक आणि सेलेनियम यांच्याकडे आधी लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : जवळपास एकही कारखाना नसलेल्या तलावातील माशांत पारा कसा आढळतो? मासे नीट शिजवले तर तो निघून जातो का?

उत्तर : कोळसा जळताना त्यातील पारा वाफ होऊन बाहेर पडतो आणि त्या वाफेचा बराचसा भाग काही महिने ते वर्षभर हवेत तरंगू शकतो, त्यामुळे तो कोणत्या देशात खाली येईल याला उगमाचे बंधन राहत नाही. मानवी कृतींतून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत मात्र वीज केंद्रे नसून लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणी आहेत. तिथे खनिजातील सोने पाऱ्यात मिसळून वेगळे करतात आणि मग तो पारा उघड्यावर तापवून उडवून देतात. कोळशाचे ज्वलन त्याखालोखाल येते.

पाण्यात पडलेल्या पाऱ्याचे रूपांतर तळाच्या प्राणवायूविरहित गाळातील जिवाणू मिथिल-पाऱ्यात करतात. हे रूप शरीरात सहज शोषले जाते आणि अगदी सावकाश बाहेर पडते. शेवाळ, त्यावर जगणारे सूक्ष्म जीव, लहान मासे आणि त्यांना खाणारे मोठे मासे अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते आणि मोठ्या शिकारी माशांत ते भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींवर पोहोचू शकते. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिल-पारा थेट खाडीत गेला आणि 1956 साली तिथले मासे खाल्ल्याने होणाऱ्या पाऱ्याच्या विषबाधेच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. तिथे वरवर लक्षणे न दिसणाऱ्या मातांनाही गंभीर मेंदूविकार असलेली मुले झाली, कारण हे द्रव्य वार (गर्भाला आईच्या शरीराशी जोडणारा अवयव) ओलांडून गर्भाच्या मेंदूत पोहोचते. त्या गावाचे नाव धारण करणारा पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये अमलात आला.

शिजवण्याने किंवा चरबी काढण्याने पारा जात नाही, कारण तो स्नायूंतील प्रथिनांना घट्ट धरून असतो. मासे खाणे सोडण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, त्यांचे पोषणमूल्य मोठे आहे. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि लहान मुले यांनी शार्क, तलवारमासा यांसारखे दीर्घायुषी शिकारी मासे टाळून लहान, अल्पायुषी जातींचे मासे खावेत आणि एखाद्या जलाशयाबाबत प्रशासनाने इशारा दिलेला असेल, तर तिथला मासा कोणत्याही प्रकारे शिजवून त्यांना देऊ नये.