मनूला पत्र: भर उन्हात तिखट का खायचं?

लीड्स, एप्रिल

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज रात्रपाळी संपवून घरी आल्यावर नीट ऐकला. तू विचारलंस, "आई, इथं सोलापुरात बेचाळीस डिग्री आहे. तरी आजी भाकरीबरोबर शेंगाचटणी खाते, वर गरम चहा पिते, आणि घरात फ्रिज असून प्यायला माठातलंच पाणी देते. असं का? आणि मला उचकी लागली की सगळे नावं का घ्यायला लागतात?" एकेक सांगते. पत्र लांबेल, तेव्हा आजोबांच्या शेजारी बसून वाच. अडेल तो शब्द त्यांना विचार.

आधी उन्हाचं बघू. आपलं अंग आतून साधारण ३७ अंशांवर असतं आणि कातडी त्याहून दोन-तीन अंश गार. इथं लीड्समध्ये बाहेर १५ अंश असले की अंगातली उष्णता आपोआप हवेत निघून जाते. ती फार जाऊ नये म्हणून तर तुला स्वेटर घालते. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी उलटं होतं. हवाच अंगापेक्षा जास्त तापलेली, त्यामुळे उष्णता बाहेरून आत येते. पंखा लावला की गरम झळ येते असं आजी म्हणते ना, ते अगदी खरं आहे. अशा वेळी अंगाला गार व्हायला एकच वाट उरते, ती घामाची. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. पाण्याची वाफ होताना ते कातडीची उष्णता घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नाही: एक ग्रॅम घाम वाळताना जेवढी उष्णता जाते, तेवढी काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल. माणसाच्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. कुत्र्याला ही सोय नाही, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि म्हैस डबक्यात जाऊन बसते.

घाम किती भरभर वाळतो ते हवेवर असतं. मुंबईला मावशीकडे ३४ अंशांतच तुझा फ्रॉक पाठीला चिकटला होता, आठवतं? समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी किती घेणार! सोलापूरची उन्हाळ्यातली हवा मात्र खडखडीत कोरडी. गच्चीवर टाकलेली ओली चादर बघता बघता वाळून कडक होते. आजीच्या घरातल्या बऱ्याच रीती या कोरड्या हवेवर उभ्या आहेत. मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. त्या रीती उचलून दुसऱ्या गावात नेल्या की त्यातल्या काही चालतच नाहीत.

आता तिखट. जिभेतल्या आणि कातडीतल्या ज्या नसा भाजल्याची खबर मेंदूला देतात, त्यांच्या टोकांवर एक प्रथिन असतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. एरवी ते मिटलेलं असतं आणि ४३ अंशांच्या आसपास तापलं की उघडतं. मिरचीत कॅप्सायसिन नावाचा पदार्थ असतो. तो या प्रथिनाला चिकटला की ते तोंडाच्या नेहमीच्या ३७ अंशांवरच उघडतं. मग मेंदूला एवढंच कळतं की तोंड भाजतंय. प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं, पण मेंदू भाजल्यावर करायची सगळी तयारी करतो: कपाळावर घाम, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी.

हे प्रथिन कसं सापडलं ते मला फार आवडतं. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी वेदना जाणवणाऱ्या नसांमधल्या जनुकांचे तुकडे गोळा केले आणि ज्या पेशींना मिरचीचं काहीच वाटत नाही अशा पेशींत ते घातले. मग वर कॅप्सायसिन टाकून बघत राहायचं, कुठली पेशी दचकते ते. दचकली त्या पेशीत घातलेला तुकडा म्हणजे या प्रथिनाचं जनुक. हे १९९७ साली झालं, आणि २०२१ साली ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पुदिना गार लागतो त्यामागेही असंच दुसरं एक प्रथिन आहे. ते एरवी थंडीची खबर देतं, आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनेही उघडतं. पक्ष्यांच्या अंगात टीआरपीव्ही-१ आहे, पण कॅप्सायसिन त्याला जागं करू शकत नाही. म्हणून पोपट अख्खी लवंगी मिरची खाऊन मजेत बसतो.

चटणीने तुझी जीभ पोळली तेव्हा तू घटाघटा पाणी प्यायलीस, असं मेसेजमध्ये पुढे सांगितलंस. गार पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटलं असेल, गिळलं की पुन्हा आग. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. दुधा-दह्यातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरून बाजूला करतं. आजी शेंगाचटणीवर दही घालून कालवते, तसंच तूही घे.

त्याच वेळी तुला उचकी लागली असणार, हो ना? छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा पसरट स्नायू असतो. तो अचानक आखडला की हवा झपकन आत ओढली जाते, आणि लगेच घशातलं स्वरयंत्र मिटतं. त्याचा तो 'हिक्'. तिखटाने, भराभर जेवण्याने, फार गार पाण्याने या स्नायूच्या नसा चाळवतात. आईच्या पोटातलं बाळसुद्धा उचक्या देतं, तू द्यायचीस ते मला आतून कळायचं. अमेरिकेत चार्ल्स ऑस्बॉर्न नावाच्या माणसाला १९२२ साली उचकी लागली, ती १९९० साली थांबली!

आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. मग एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली. साधी उचकी काही मिनिटांत आपणच थांबते, त्यामुळे थांबताना जे नाव तोंडात असेल त्याला तो मान मिळतो. मी तुझी आठवण काढते ती दिवसभर काढते, तुझ्या श्वासपटलाला त्याची खबर नसते. पण आजीने पहिलं नाव माझं घेतलं असं तू सांगितलंस ते ऐकून मला फार बरं वाटलं. ही रीत मोडू नकोस. दूर असलेल्या माणसांची नावं जेवताना घरात घेतली जातात, एवढ्यासाठी तरी ती मला हवीच आहे.

गरम चहाचं कोडं २०१२ साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. सायकल चालवणाऱ्या माणसांना त्यांनी एकदा दीड अंशाचं पाणी दिलं, एकदा १० अंशांचं, एकदा ३७ आणि एकदा ५० अंशांचं. ५० अंशांचं पाणी प्यायल्यावर अंगात साठलेली उष्णता सगळ्यांत कमी भरली! गरम पाण्याने घाम इतका जास्त आला की पाण्यातून आत गेली त्याहून जास्त उष्णता बाहेर पडली. अट एकच होती: आलेला सगळा घाम वाळायला हवा. सोलापुरात ती पुरी होते, मुंबईत होत नाही. अर्थात आजीचा चहा अर्धा कप, त्याने फरक पडला तरी थोडासाच. आणि तिखटाने येणारा घाम बराचसा तोंडावरच येतो, त्याने सगळं अंग गार होत नाही. तेव्हा तिखट खाऊन ऊन उतरतं असं कुणी सांगितलं तर ते मला फारसं पटत नाही.

मग आजी शेंगाचटणी खाते कशासाठी? या मातीत ज्वारी पिकते, शेंगा पिकतात आणि पाऊस बेताचा. मंगळवेढ्याची ज्वारी तर नावाजलेलीच. उन्हाळ्यात ताजी भाजी मिळेलच असं पूर्वी नसायचं. मग भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ घालून उखळात कुटलं की दाण्याला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. त्यात पाणी नाही म्हणून बुरशी धरत नाही. कडक भाकरीचंही तसंच, तिच्यातलं पाणी पार घालवलेलं असतं. भाकरी, चटणी, कांदा बांधून घेतला की शेतातल्या माणसाचा दिवस निघतो. सोलापुरात ती भाकरी कितीतरी दिवस कडकडीत राहते. आजीने मागे पाठवलेलं पुडकं मी इथं उघडलं आणि डब्याचं झाकण जरा सैल राहिलं, तर दुसऱ्या दिवशी भाकरी सादळून कातड्यासारखी वातड झाली. तीच आजी, तेच पीठ, हवा मात्र इथली.

माठ तर या कोरड्या हवेशिवाय चालतच नाही. कुंभार वेशीतून आणलेल्या आजीच्या माठाला बाहेरून हात लावून बघ, ओलसर लागेल. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं, वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणजे माठालाही घामच येतो. दहा लिटर पाणी १० अंशांनी गार करायला पाव लिटरसुद्धा वाळावं लागत नाही. बाहेरून उष्णता येतच राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त जातं. आजी माठ खिडकीपाशी तिवईवर ठेवते, कारण चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. वर ओलं फडकं गुंडाळलं तर आणखी गार. पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं हळूहळू बुजतात, तेव्हा माठ पाझरेनासा होतो आणि नवा आणावा लागतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच माठ पाणी जेमतेम गार करतो. आणि फ्रिजमधलं पाणी दात ठणकवतं, माठातलं पोटभर पिता येतं. उन्हातून आल्यावर पोटभर पिणं जास्त गरजेचं.

आजोबांना त्यांच्या सूतगिरणीचं विचार. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवतात. बाहेर ४२ अंश आणि आत दमट हवा, घाम वाळायचाच नाही. सुताला सोसणारी हवा माणसाला सोसत नाही, आणि त्या हवेत आजोबांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. ते घरी आले की आधी अंगणात पाणी शिंपडून खाटेवर बसायचे, तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. मी लहान होते, मला ते रागावलेत असं वाटायचं.

घामातून मीठही जातं, म्हणून ताकात मीठ आणि पन्ह्यात गूळ-मीठ. आतड्यात साखर आणि मीठ बरोबरीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. याच तत्त्वावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रोग्यांना साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. पन्हं म्हणजे काही ते औषध नाही, पण दुपारी आजीने पेला पुढे केला तर नाही म्हणू नकोस.

आजोबा बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, त्याने मात्र ऊन अडत नाही. कांदा जेवताना खाल्लेला बरा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, फक्त कांद्याबरोबर टोपी आणि पाण्याची बाटली आहे ना ते बघ. आणि हे नीट लक्षात ठेव: उन्हातून आलेलं कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग सपाटून तापलं, तर मोठ्यांना हाक मारायची, सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून पंखा लावायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

आता तुझं काम. तुझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मी दोन छोटे थर्मामीटर ठेवलेत. एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळ, दुसरा कोरडा ठेव, आणि दोन्ही सावलीत, वाऱ्याला टांग. दुपारी तीनला दोन्हींचे आकडे लिही, मग कोरडा माठात बुडवून पाण्याचा आकडा लिही. हवा ४२ अंश असेल आणि ती जेवढी ओल धरू शकते त्याच्या १५ टक्केच ओल तिच्यात असेल तर ओला थर्मामीटर २२ च्या आसपास उतरेल. माठातलं पाणी त्याच्या थोडं वर थांबेल, खाली जाणार नाही. ते खाली गेलेलं दिसलं तर आधी फडकं वाळलंय का बघ. ते पुन्हा भिजवून परत माप, आणि तिन्ही आकडे रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई