ऑक्साइड कॅथोड (तापवल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा, लेप दिलेला निकेलचा तुकडा) एकदा छान चालला, व्हॅक्यूम चेंबर उघडून बंद केल्यावर करंट शून्य. लेप देणाऱ्याचा हात चुकला का?

नाही. हात चुकला असता तर पहिल्या वेळी 40 मिलिअँपिअर मिळालेच नसते. तुम्ही लिहिलंय की लेप लॅब असिस्टंटने दिला, आणि सरांच्या मते त्यांचा फवारणीचा हात बसलेला नाही, म्हणून लेप पुन्हा द्यायचा. तुमच्या सरांना मी ओळखत नाही, पण या बाबतीत त्यांचं साफ चुकतंय.

आपण निकेलवर ऑक्साइड फवारत नाही, बेरियम-स्ट्रॉन्शियम कार्बोनेट फवारतो, कारण कार्बोनेट हवेत टिकतं. व्हॅक्यूममध्ये तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ऑक्साइड उरतं. त्या क्षणापासून त्या कॅथोडने परत हवा बघायची नाही. तुम्ही चेंबर उघडलंत, हवेतल्या ओलाव्याने बेरियम ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड झालं, लेप फुगला, आणि पुन्हा तापवताना ते हायड्रॉक्साइड वितळलं. सोन्यासारखा लेप दिला असता तरी हेच झालं असतं. प्रत्येक वेळी चेंबर उघडणार असाल तर ऑक्साइडचा नाद सोडा आणि टंगस्टनची साधी हेअरपिन, म्हणजे पिनेसारखी वाकवलेली तार, लावा. वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) 4.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे 2200 अंशांच्या पुढे तापवावी लागेल, वीज खाईल, पण हवेने मरणार नाही, फक्त उघडण्याआधी थंड होऊ द्या. करंट जास्त हवा असेल तर लँथनम हेक्साबोराइड. त्याचं वर्क फंक्शन 2.7 च्या आसपास आणि थंड असताना त्याला हवा चालते. ते थेट टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमवर बसवू नका, बोरॉन त्या धातूत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. ग्रॅफाइट किंवा ऱ्हेनियमचा आधार द्या.

तुमचं काम एवढ्यात भागेल. पण "हात बसलेला नाही" हे शब्द वाचून मला राहवलं नाही.

1994 साली मी टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या एका कारखान्यात कॅथोड विभागात नवखा इंजिनिअर होतो. ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब, प्रत्येकीच्या इलेक्ट्रॉन गनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या भागात, नखापेक्षा लहान निकेलची टोपी, आणि तिच्या फक्त माथ्यावर पांढरा लेप. हा लेप देणाऱ्या एक मावशी होत्या, तेव्हा अकरा वर्षं फवारणीच्या त्याच बूथवर. सस्पेन्शन, म्हणजे फवारायचं कार्बोनेटचं मिश्रण, अमाइल अ‍ॅसिटेटमध्ये कालवलेलं असायचं आणि बांधणीला नायट्रोसेल्युलोज. अमाइल अ‍ॅसिटेटला पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. मावशी सांगायच्या, या कामाला लागल्यापासून घरात केळं आणत नाही.

त्यांचं काम मी तासन्तास उभं राहून बघितलंय. स्प्रे गन फार जवळ धरली तर थेंब ओले पोहोचतात आणि लेप गुळगुळीत, घट्ट होतो. फार लांब धरली तर थेंब वाटेतच सुकतात, लेप खरखरीत होतो आणि बोट लावलं की झडतो. मधलं अंतर पुस्तकात मिळत नाही, ते सस्पेन्शनच्या दाटपणावर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. मावशी गनच्या फुसफुशीचा आवाज ऐकून हात दोन बोटं मागे घ्यायच्या. ट्रे फवारायच्या आधी आणि नंतर वजन करायच्या आणि दोन्ही आकडे एका लांब वहीत लिहायच्या. टोपीला त्यांनी कधी बोट लावलं नाही, कायम चिमटा. घामातल्या मिठाने एमिशन, म्हणजे कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटणं, मरतं हे त्यांना कोणी नीट समजावलंही नव्हतं, तरी नियम पक्का.

त्या पावसाळ्यात कमी एमिशनच्या ट्यूब वाढल्या. एजिंग रॅकवर, म्हणजे नव्या ट्यूब चालवून स्थिर करायच्या जागी, करंट चढायचाच नाही, किंवा चढून आठवड्यात उतरायचा. साहेबांनी मीटिंग घेतली आणि पहिल्या पाच मिनिटांत निकाल दिला: लेप खराब, हात बिघडलाय, दमट हवेत बाई हलगर्जी करतात. मावशी दाराशी उभ्या होत्या. "साहेब, माझ्या हाताला दोष न्हाई, वही बघा," एवढंच म्हणाल्या. वही कोणी उघडली नाही. दुसऱ्या सोमवारी त्या पॅकिंगला गेल्या.

मी ती वही घरी नेली. दोन वर्षांचे आकडे होते. लेपाचं वजन त्या पावसाळ्यातही जिथल्या तिथे होतं. मग मी बाद झालेल्या बारा ट्यूब फोडल्या, त्यांच्या माना कापून गन बाहेर काढल्या आणि कॅथोड मायक्रोस्कोपखाली ठेवले. चांगला लेप भुसभुशीत दिसतो, ताटात चाळलेल्या तांदळाच्या पिठासारखा. हे लेप चकचकीत होते, वर काचेसारखा पापुद्रा आणि त्यात भेगा. असा लेप फवारून होत नाही, वितळून होतो.

कारण एक्झॉस्ट लाइनवर होतं, जिथे ट्यूबमधली हवा पंपाने काढतात आणि कॅथोड पहिल्यांदा तापवतात. उत्पादन वाढवायला लाइनचा वेग वाढवला होता, म्हणून कार्बोनेट फोडायला मिळणारा वेळ घटला. तो भरून काढायला हीटरचं व्होल्टेज पायरीपायरीने चढवायचं सोडून 6.3 व्होल्टचा हीटर एकदम 10 वर नेत होते. कार्बोनेट फुटतं तेव्हा भसाभस वायू सुटतो, पंपाला तो ओढायला वेळ लागतो. वायूचा दाब जास्त असला की कार्बोनेट फुटायचं थांबतं, पण तापमान चढतच राहतं. अर्धं कार्बोनेट आणि अर्धं ऑक्साइड असं मिश्रण हजार अंशांच्या थोडं पुढे वितळतं. लेप वितळला की कणांमधल्या पोकळ्या बुजतात, आणि गरम कॅथोडमध्ये करंट मुख्यतः त्या पोकळ्यांतूनच वाहतो. शिवाय तो वायू गरम निकेलमध्येही ऑक्सिडेशन घडवतो. निकेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं थोडंसं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन हे लेपातल्या ऑक्साइडमधून मोकळं बेरियम काढायच्या कामाचं असतं, ते आधीच खर्ची पडतं. मोकळं बेरियम नाही तर एमिशन नाही.

मावशींनी एकाच दिवशी, एकाच बाटलीतून फवारलेले चोवीस कॅथोड उरले होते. रात्रपाळीत मी बारा ट्यूब जुन्या संथ वेळापत्रकाने काढल्या, बारा नव्याने. जुन्याच्या बाराही पास. नव्याच्या पाच नापास. तक्ता करून साहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, लेप जाड असेल म्हणून वितळला असेल. मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही, मागेही सरकवली नाही. तशीच टेबलावर राहिली.

पंधरवड्यात लाइनचा वेग गुपचूप कमी झाला आणि नापास ट्यूबही कमी झाल्या. अहवालात लिहिलं गेलं, "लेप प्रक्रियेत सुधारणा". मावशी निवृत्त होईपर्यंत पॅकिंगलाच राहिल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला बूथ शिकवायला मात्र त्यांनाच बोलावलं, आठवडाभर रोज दोन तास, आणि त्यांनी काही हातचं न राखता शिकवलं.

म्हणून मी ठामपणे सांगतो: कॅथोड मेला की सगळ्यात आधी पंपाकडे आणि हीटरच्या नोंदीकडे बघा, माणसाकडे सगळ्यात शेवटी. फवारणी डोळ्यांसमोर असते, तिथे माणूस दिसतो, म्हणून बोट तिकडे जातं. एक्झॉस्टमध्ये काय घडतं ते दिसत नाही आणि तिथला निर्णय बहुतेक वेळा साहेबांचा असतो.

आता दोन गोष्टी, ज्या आधी लिहायला हव्या होत्या. लेप कधी चुकतच नाही असं नाही. बॉल मिलमध्ये कमी दळलेलं कार्बोनेट, हायड्रोजनमध्ये न तापवलेलं किंवा तेलकट निकेल, यांनी एमिशन पहिल्या दिवसापासून कमी येतं. तुमच्याकडे पहिल्या दिवशी नीट आलं, म्हणून तुमच्या बाबतीत मी खात्रीने बोलतोय. दुसरं, माझा सगळा अनुभव पिक्चर ट्यूबचा. मायक्रोवेव्ह ट्यूबमध्ये सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियम-कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट मुरवलेले डिस्पेन्सर कॅथोड असतात, ते हजार अंशांच्या आसपास चालतात आणि त्यांची दुखणी वेगळी. आणि बेरियम कार्बोनेट विषारी आहे. फवारताना मास्क लावा, पोटात गेलं तर जिवावर बेतेल.

तरीही ऑक्साइडच करायचा असेल तर चेंबरच्या आत कुठेही पितळ किंवा कॅडमियम मुलाम्याचा स्क्रू ठेवू नका, जस्त आणि कॅडमियम गरम झाले की उडतात. हीटर पायरीपायरीने चढवा. दाबाच्या गेजचा काटा उसळला की थांबा, तो खाली आल्याशिवाय पुढची पायरी नाही. प्रत्येक पायरीला व्होल्टेज, करंट आणि दाब लिहून ठेवा. आणि हे चालू असताना लॅब असिस्टंटना शेजारी उभं करा, त्यांनी फवारलेल्या लेपाचं काय होतंय ते त्यांना स्वतःला बघू दे. मेलेला कॅथोड फेकला नसेल तर तोही मायक्रोस्कोपखाली ठेवून आधी त्यांनाच दाखवा, सरांना नंतर.