काच वर जाते, खाली येत नाही

प्रश्न : माझ्याकडे सत्तरच्या दशकातली अमेरिकन सेडान आहे. चालकाच्या शेजारच्या दाराची काच दोन्ही बटणांनी (त्या दारातल्या आणि चालकाच्या दारातल्या) वर जाते, खाली मात्र एकाही बटणाने येत नाही. त्या दाराचं बटण नवीन टाकलं, तिथे १२ व्होल्ट येतात. आता मोटर बदलू का?

उत्तर : मोटरला इतक्यात हात लावू नका. काच वर ओढणं हे जड काम, आणि ते ती करतेच आहे. करंट येतो हे तुम्ही पाहिलंत, तो परत कुठून जातो हे पाहायचं राहिलं.

मोटर कायम चुंबकाची, म्हणजे आत कायमचा चुंबक बसवलेली असेल, तर काचेची दिशा बदलायला करंट उलटा फिरवावा लागतो. अशा वायरिंगमध्ये शेजारच्या बटणाला स्वतःचं अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून परत जायची जोडणी, नसतं. ते चालकाच्या दारातल्या मुख्य स्विचमधून मिळतं. काच खाली येताना ‘वर’ची वायर परतीची वाट होते.

मोटर जोडलेलीच ठेवा आणि कुणाला तरी ‘खाली’चं बटण दाबून धरायला सांगा. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन मोटरच्या ‘वर’च्या वायरला. आकडा शून्याजवळ हवा. १०-१२ दिसले, तर अर्थिंग तुटलंय. चालकाच्या बटणाने काच वर जाते, म्हणजे दारांमधली वायर शाबूत आहे. काच तशी जात नसती, तर मी आधी बिजागरीजवळची रबरी नळी सोडवली असती. दार उघडून-मिटून तिथे वायरीतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लॅस्टिक धडधाकट दिसत राहतं. फार फसवी जागा आहे ती!

आकडा तसा आला, तर तुमचा दोष मुख्य स्विचमध्येच आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मग तो उघडा, तेही स्वच्छ कापडावर, कारण बारीक स्प्रिंगा उडतात. बटण सोडल्यावर जिथे पत्रा टेकतो तो कॉन्टॅक्ट काळा पडलेला असेल. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. जुना स्विच टाकून देऊ नका, अशी वस्तू जपायलाच हवी.

स्विच उघडण्याआधी एक पाहा. जुन्या काही मोटरींत दोन दिशांना दोन वेगळी वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात आणि अर्थिंग मोटरच्या बॉडीतूनच मिळतं. प्लग काढून टर्मिनल आणि मोटरची बॉडी यांत मीटर लावा. जोड दाखवला, तर ही मोटर त्या जातीची. मग मुख्य स्विचचा विचार सोडा, ‘खाली’ची वायर आणि तेच वाइंडिंग तपासा.