‘सहानुभूतीच्या नसा’ की ‘अनुकंपी चेता’?

प्रश्न : हृदयविकारावरील एका मजकुराचे भाषांतर तपासताना ‘हृदयाच्या सहानुभूतीच्या नसांचे चित्रण करून हार्ट फेल होण्याचा धोका ओळखता येतो’ असे वाक्य आढळले. ‘सिम्पथेटिक नर्व्ह’साठी ‘सहानुभूतीची नस’ हा शब्दप्रयोग चालेल का?

उत्तर : चालणार नाही. या वाक्यात एकूण तीन शब्द अडचणीचे आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा घोटाळा ‘सहानुभूती’त नसून ‘धोका’ या शब्दापाशी आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

हृदयाचे ठोके वाढवण्यासारखी कामे आपोआप करणाऱ्या ‘सिम्पथेटिक’ चेतांसाठी, म्हणजे मज्जातंतूंसाठी, मराठीत रूढ झालेली संज्ञा ‘अनुकंपी’ ही आहे आणि तिची जोडीदार ‘परानुकंपी’ (पॅरासिम्पथेटिक). आता अनुकंपा म्हणजे तरी दयाच, ‘अनुकंपा तत्त्वावरील नोकरी’ सर्वांना ठाऊक असते, मग सहानुभूतीने काय बिघडले, असे कोणी विचारील. फरक प्रत्ययाचा आहे. ‘अनुकंपी’ हे विशेषण शरीरशास्त्राबाहेर सहसा कोणी वापरत नाही, त्यामुळे वाचक तिथे क्षणभर थांबतो आणि ही संज्ञा आहे हे ओळखतो. ‘सहानुभूतीची नस’ वाचताना मात्र तो न थांबता भलताच अर्थ घेऊन पुढे जातो. मूळ पाश्चात्त्य शब्दातही दयेचा संबंध नाही. पॅरिसमध्ये काम करणारे शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो यांनी १७३२ मध्ये या चेतांना ते नाव दिले, ते एका अवयवाची व्यथा दुसऱ्याला जाणवते ती यांच्यामार्फत, या जुन्या समजुतीवरून. समजूत मागे पडली, नाव राहिले. संस्कृतात मात्र ‘अनु’ आणि ‘कम्प्’ मिळून ‘दुसऱ्याबरोबर थरथरणे’ असा अर्थ निघतो, आणि हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या चेतेला तो शोभूनही दिसतो. अर्थात हा योगायोगच.

‘नस’ हा दुसरा शब्द. बोलीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, कंबरेत दबते तीही नसच आणि पोटरीत ‘नसेवर नस चढते’ तेव्हा प्रत्यक्षात स्नायू आखडलेला असतो. एरवी एवढे सैल बोलणे खपते, पण हृदयाच्या संदर्भात ‘नसांचे चित्रण’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे अँजिओग्राफीच उभी राहते. म्हणून इथे ‘चेता’ किंवा ‘मज्जातंतू’ असेच लिहावे.

या चेतांच्या चित्रणाची तपासणी अँजिओग्राफीपेक्षा मुळातच निराळी आहे. अनुकंपी चेतांची टोके नॉरॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य सोडतात आणि त्यातले बरेचसे परत शोषून घेतात. ‘एमआयबीजी’ हे त्याच्याशी साधर्म्य असलेले द्रव्य किरणोत्सारी आयोडीन-१२३ जोडून शिरेतून देतात. चेतांची टोके तेही आपलेच समजून आत घेतात. साधारण चार तासांनी किरणोत्सार टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याने छातीचे चित्र घेतात आणि हृदयावरील किरणोत्साराच्या सरासरी नोंदीला दोन फुप्फुसांमधल्या भागावरील नोंदीने भागतात. चेता धडधाकट असतील तर छातीच्या डाव्या बाजूला हृदय ठळक उजळलेले दिसते. त्या खालावल्या असतील तर यकृत स्पष्ट दिसते आणि हृदयाची जागा मात्र जवळजवळ रिकामी. नुकतेच प्रत्यारोपण केलेले हृदय उत्तम धडधडत असूनही या चित्रात उमटत नाही, कारण शस्त्रक्रियेत त्याच्या चेता तोडलेल्या असतात. तेव्हा ‘हृदयाचे चित्रण’ एवढेच लिहूनही भागणार नाही, ‘चेतांचे’ हा शब्द हवाच.

आता ‘धोका’. ‘हार्ट फेल होण्याचा धोका’ असे म्हटले की हृदय आज ठीक आहे, पुढे बिघडेल का हे पाहायचे आहे, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात ही तपासणी ज्यांना हार्ट फेल्युअर आधीच झालेले आहे त्यांच्यासाठी वापरली जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲडमायर-एचएफ’ अभ्यासातले ९६१ रुग्ण असेच होते. वर सांगितलेले गुणोत्तर ज्यांचे १.६० पेक्षा कमी होते, त्यांच्यापैकी ३७ टक्क्यांमध्ये दोन वर्षांत आजार बळावणे, ठोक्यांची जीवघेणी अनियमितता किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी घडले; १.६० किंवा अधिक असणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. त्यातच बोलीतले ‘हार्ट फेल’ आणखी गोंधळ करते. ‘तो हार्ट फेलने गेला’ म्हणजे अचानक मृत्यू, तर डॉक्टरांच्या भाषेतले हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद अपुरी पडणे, ज्यासह रुग्ण वर्षानुवर्षे जगू शकतो. दवाखान्यात नातेवाइकांना ‘पंपिंग कमी आहे’ असे सांगतात, आणि पारिभाषिक नसले तरी मला ते ‘हृदय निकामी होणे’ या भीतिदायक शब्दप्रयोगापेक्षा अधिक नेमके वाटते.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘हृदयातील अनुकंपी चेतांचे चित्रण करून, हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णाला पुढे कितपत धोका आहे याचा अंदाज घेता येतो.’ त्याच मजकुरात पुढे ‘वॉशआउट’ आले असेल, म्हणजे चेतांनी घेतलेले द्रव्य किती वेगाने निघून जाते ते, तर ‘धुलाई’ नको. शेतातल्या पाण्याला आपण वापरतो तो ‘निचरा’ तिथे नेमका बसतो.