गाडीच्या आधी तिचा मेस्त्री शोध

बाळा,

तुझा मेसेज वाचला, फोटो पण सगळे बघितले. मुंबईच्या डीलरकडं २०१३ ची पोर्शे कायेन टर्बो, काळी, आत लाल लेदर, भाव म्हणे नव्या फॉर्च्युनरपेक्षा कमी, आणि तू विचारायलास की काका घेऊ का. लगेच हो-नाही सांगत नाही. तुझी हौस मला कळते, ४.८ लिटरचं व्ही-एट, दोन टर्बो, ५०० पीएस म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर, ७०० न्यूटन मीटर टॉर्क, आणि २१७० किलोची ही गाडी शंभरला ४.७ सेकंदात जाते, हे वाचून कुणाचंही मन जाईल. आणि तू स्वतःच्या वर्कशॉपच्या पैशानं घ्यायलास, बाबांकडं मागत नाहीस, म्हणून मी मनापासून सांगतो ते नीट ऐक.

या गाडीचा भाव पडलाय, तिच्या पार्टचा भाव पडलेला नाही. नवी असताना कोटीच्या वरची गाडी ती, तिचा एक सस्पेन्शन स्ट्रट किंवा एक हेडलाइट आजही कोटीच्या गाडीचाच असतो, तू किती देऊन घेतलीस ते त्या पार्टला माहीत नसतंय. म्हणून पहिला प्रश्न गाडी कशी आहे हा नाहीच, बेळगावात राहून ती सांभाळणार कोण हा आहे. आपल्या उद्यमबागेत लेथ, मिलिंग, वेल्डिंग, कास्टिंग जे पाहिजे ते मिळतंय, आपली पोरं हाताला हुशार आहेत, पण या गाडीला आधी कॉम्प्युटर लावावा लागतो, पोर्शेचा स्वतःचा स्कॅनर असतो पीविस नावाचा, तो असलेला माणूस लागतो. अधिकृत वर्कशॉप बेळगावात नाही, बेंगळुरू आणि मुंबई दोन्ही पाचशे किलोमीटरच्या आसपास, आपण बरोबर मधोमध. म्हणजे गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच जाणार. त्यामुळं पुण्यात किंवा बेंगळुरूत या गाड्या रोज उघडणारा एखादा स्वतंत्र मेस्त्री आधी गाठ, प्रत्यक्ष जाऊन भेट, आणि त्याच्यासमोर डीलरचं नाव न काढता नुसतं विचार, की या ४.८ च्या इंजिनात तुम्ही काय काय कामं करता? तो आपणहून थर्मोस्टॅट हाउसिंगचं बोलला तर समज माणूस कामाचा आहे.

ते हाउसिंग काय प्रकरण आहे सांगतो, तू मशीनिंगवाला आहेस म्हणजे तुला पटकन कळेल. या इंजिनात कूलंटचे काही पाइप ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये नुसते गोंदानं चिकटवलेले आहेत. थ्रेड नाही, पिन नाही. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन तो गोंद सुटतो आणि एक दिवस पाइप निसटतो, मग कूलंट थेंब थेंब गळत नाही, एकदम सगळं जातं. तेव्हा हायवेला असलास आणि टेम्परेचरचा काटा बघितला नाहीस तर इंजिनाचं सिलिंडर हेड गेलंच म्हणून समज. उपाय साधा आहे, हाउसिंग बाहेर काढून पाइप वेल्ड करायचा, नाहीतर आडवं होल मारून छोटी ग्रब स्क्रू बसवायची, जे तुझ्याच शॉपमध्ये एका दुपारी होतंय. पण काढायला-बसवायला जाणता हात पाहिजे. डीलरला विचार हे काम झालंय का आणि बिल दाखव म्हण. "सगळं ओके आहे सर" हे बिल नव्हे.

दुसरं एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी गाडी. गाडी बघायला जाशील तेव्हा टेप घेऊन जा. आदल्या संध्याकाळी सपाट जागेवर उभी करायला लाव, चारी चाकांच्या मधापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजून लिहून ठेव, सकाळी कुणी स्टार्ट करायच्या आत परत मोज. एक कोपरा दोन बोटं खाली बसलेला दिसला तर तिथं हवा गळतेय, आणि गळती असली की कॉम्प्रेसर दिवसभर पळत राहतो आणि तोही जळतो. डीलर रात्रभर थांबू देत नसेल तर ती गाडी सोड की, दुसरी मिळेल.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नको, बाजूवर डीओटी लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाच, ती बनवल्याची तारीख असते, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. आणि चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सारखे झिजलेले पाहिजेत, कारण ही गाडी चारी चाकांवर चालते, पुढं-मागं घेर वेगळा झाला की तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. कमी स्पीडला हळू ॲक्सिलरेटर दिलास आणि धक्के बसले तर आधी तिकडंच बघायचं. ब्रेकचे कॅलिपर पिवळे असले तर डिस्क सिरॅमिकच्या आहेत, त्या बदलायचा खर्च ऐकूनच निर्णय घे, लाल असले तर साध्या लोखंडी. गिअरबॉक्स आठ गिअरची टिपट्रॉनिक, म्हणजे ऑटोमॅटिक आहे, तिचं तेल कधी बदललं ते पण विचार, बरेच मालक बदलतच नाहीत.

आता आरटीओ, इथं आपल्याकडची पोरं हमखास अडकतात. एमएच पासिंगची गाडी आपल्या बेळगावच्या केए २२ वर घ्यायची म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, लोन होतं तर बँकेचं नाव काढल्याचा कागद, आणि मग कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. तो टॅक्स तू दिलेल्या भावावर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर लागतो, वयाप्रमाणं कमी करून. वीस लाखांच्या वरच्या गाडीला इथं दर १८ टक्के, वर सेस. मूळ किंमत कोटीच्या पुढं असली की वयाची सूट मिळूनही आकडा बघून डोळे फिरतात. हे गणित एजंटकडून नाही, स्वतः आरटीओत जाऊन लिहून आण, टोकन देण्याच्या आधी. कोल्हापूरचा नंबर ठेवून फिरवू म्हणशील, निपाणीपासून खानापूरपर्यंत असल्या गाड्या दिसतात खऱ्या, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो हा मोटार वाहन कायदा आहे. आणि २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ ला तिची आरसी संपणार, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून रिन्यू, इम्पोर्टेड चारचाकीला पहिल्या वेळी त्याची फीच ४०,००० आहे. कायेन इम्पोर्टेडच येते.

पेट्रोलचं पण बघ. गावात पाच-सहाच्या वर ॲव्हरेज देणार नाही, टाकी शंभर लिटरची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असतंय, आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांचं त्यात भलं आहे हे मला मान्य, पण ही गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नको, लागेल तेवढंच भर आणि चालवत राहा. दर सर्व्हिसला फ्युएलचे होज बघायला सांग.

चालवत राहा हे मी पावसाळ्यासाठी पण सांगतोय. ओळखीतल्या एकाकडं मोठी जर्मन एसयूव्ही होती, कंपनी कुठली ते जाऊ दे, खानापूरजवळ झाडाखाली लावायचा. सनरूफच्या चारी कोपऱ्यांना पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्यात पाला-माती बसली आणि पाणी आत उतरत गेलं, त्याला पत्ता नाही, नुसता कुबट वास यायचा. कार्पेट उचललं तेव्हा खालचा फोम पिळला तर पाणी पडायचं आणि वायरिंगचे कनेक्टर हिरवे झालेले. कायेनची बॅटरीच सीटखाली आहे, त्यामुळं तुझ्याकडं हे झालं तर काय होईल बघ. जूनच्या आधी त्या नळ्या साफ करून घ्यायच्या, पत्र्याची का होईना शेड पाहिजेच, आणि उसाच्या तोडणीच्या दिवसात शेतातले उंदीर घराकडं येतात तेव्हा रोज एकदा बॉनेट उघडून बघायचं.

चोर्ला घाटानं गोव्याला जाशीलच, कळते मला. उतरताना गिअर हातानं खाली घे, नुसता ब्रेक दाबून एवढं वजन उतरवू नको, आणि कणकुंबीच्या पुढं धुकं असलं की घाई नाही. हायवेला संकेश्वर-यमकनमर्डीच्या पट्ट्यात सीझनला रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ही गाडी दीडशेला गेली तरी आत बसलेल्याला ऐंशी वाटतंय. रात्री स्पीडची हौस करायची नाही, हे वचन मला पाहिजे.

पैशाचं शेवटचं. गाडीच्या भावाच्या पाव भाग तरी वेगळ्या खात्यात टाक, वर्कशॉपच्या खात्यात मिसळू नको, आणि ते खातं पहिल्या वर्षातच रिकामं होईल असं धरून चाल. तो पैसा बाजूला काढून पण महिन्याचे पगार, लाइटबिल, मटेरियल वेळेवर निघत असेल तर घे, मी स्वतः तुझ्याबरोबर मुंबईला येतो. निघत नसेल तर दोन वर्षं थांब, तोपर्यंत हीच गाडी आणखी खाली येईल.

आता आधी मेस्त्री ठरव. मग डीलरकडून चेसिस नंबर घे, सर्व्हिस हिस्टरी काढायला दे, आणि बिलांचे फोटो सगळे मला पाठव, अर्धवट नको. टोकनचा एक रुपया त्याच्या आधी द्यायचा नाही. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका